कर्जाआधी पेन्सिल

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत जाहिरातींचे पीक येते. पूर्वी त्यात टंकलेखन-लघुलेखनाचे वर्ग असत. मग संगणकाचे आले, मग अ‍ॅनिमेशनचे. अलीकडे त्यात ‘गेम आर्ट’ या शब्दाची भर पडली आहे. अर्धे पान व्यापणारा चिलखतधारी योद्धा, त्याच्यामागे जळणारे शहर आणि तळाशी ‘मर्यादित जागा, त्वरा करा’. ज्या घरात गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर राक्षस आणि घोडे काढणारे मूल असते, त्या घरात ही जाहिरात कापून ठेवली जाते. रात्री जेवणे झाल्यावर वडील चष्मा लावून शुल्काचा आकडा शोधतात. तो जाहिरातीत नसतो.

तो कळल्यावर ही मंडळी कुठे येतात, हे मला ठाऊक आहे. नोकरीची बरीच वर्षे मी बँकेच्या कर्ज विभागात काढली. “साहेब, मुलाला ते गेमचं करायचंय,” अशी सुरुवात होई. ‘ते गेमचं’ म्हणजे नेमके काय, हे सांगताना वडिलांची ओढाताण व्हायची. मुलगा खाली मान घालून शेजारी बसलेला असायचा. आई पर्स घट्ट धरून. कागदपत्रे पाहिल्यावर बहुतेक वेळा एक अडचण निघे. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या योजना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी असतात आणि या संस्थेचे प्रमाणपत्र त्यात बसत नसे. मग तेच कुटुंब त्याच शाखेतल्या सोनेतारणाच्या खिडकीशी जाऊन उभे राही. हे अनेकदा पाहिल्यामुळेच मला वाटते, की दागिना खिडकीतून आत जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी या कामाकडे जरा नीट पाहावे. हे काम काय आहे, ते शिकण्याची साधने कुठे आहेत आणि त्यातले विकत घेण्याजोगे कोणते, एवढेच.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘गेम’ म्हटले की पुष्कळ आईबापांच्या डोळ्यांसमोर मोबाइलवर पैसे लावणारा मुलगा येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, तो पैसे लावून खेळण्याच्या प्रकारांवर बंदी घालणारा आहे. आपण बोलतो आहोत ते व्हिडिओ गेमच्या कलाविभागाबद्दल. सिनेमात नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना सांभाळणारी माणसे असतात, तशी ही माणसे. हात त्यांचाही रंगाने भरतो, फक्त तो रंग पडद्यावर असतो.

समजा, खेळातल्या एका खोलीच्या कोपऱ्यात पितळी समई ठेवायची आहे. प्रथम कोणी तरी तिचे चित्र काढते, समोरून, बाजूने, वरून. याला कन्सेप्ट आर्ट म्हणतात. मग दुसरा कोणी ती संगणकात त्रिमित घडवतो. ही घडण लहान लहान सपाट तुकड्यांची असते. तुकडे जितके जास्त, तितकी समई गोलाईदार, पण तितका यंत्रावर भार. खेळातले दृश्य सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने रेखाटावे लागते, त्यामुळे कोपऱ्यातल्या समईवर किती तुकडे खर्चायचे याचा हिशेब असतो. बँकेतल्या माणसाला हे लगेच समजते. अंदाजपत्रक ठरलेले आहे. ते नायकाच्या चेहऱ्यावर खर्च करायचे की समईवर, ते तुम्ही ठरवा. पुढे त्या समईची साल काढावी लागते. संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट पसरावी, तसा तिचा सगळा पृष्ठभाग उलगडून पसरतात. याला म्हणतात यूव्ही अनरॅप. त्या पसरलेल्या सालीवर पितळेचा रंग, तेलाचे ओघळ, काजळी, वर्षानुवर्षे चिंचेने घासून आलेली झिलई चढवायची आणि साल पुन्हा गुंडाळायची. वस्तूऐवजी माणूस किंवा प्राणी असेल, तर आत हाडांचा सांगाडा बसवतात. मग अ‍ॅनिमेटर त्याला चालवतो. शेवटी कोणी तरी त्या खोलीत उजेड पाडतो.

यातली प्रत्येक पायरी संगणकावर होते, हे खरे. पण समईला काजळी नेमकी कुठे धरते, हे संगणक सांगत नाही. ते देवघरात बघून ठेवलेले असावे लागते.

या कलेचा पायाच मुळी अडचणीत सापडलेल्या चित्रकारांनी घातला आहे. १९८१ साली निन्तेंदोच्या ‘डाँकी काँग’ या खेळात एक बुटका नायक आला, जो पुढे मारिओ म्हणून जगभर गाजला. तो शिगेरू मियामोतो याने रचला. मियामोतो औद्योगिक आरेखन शिकलेला होता. त्या वेळच्या यंत्रावर नायकाला जेमतेम मूठभर ठिपके मिळत. तेवढ्यात तोंड दाखवता येईना, म्हणून मोठे नाक आणि मिशा आल्या. केस नीट काढता येईनात, म्हणून टोपी. हात हलताना शरीरापासून वेगळे दिसावेत, म्हणून खांद्यावर पट्टे असलेली विजार. दुसरे उदाहरण आमच्या पिढीच्या अधिक ओळखीचे. कचेऱ्यांत संगणक आले तेव्हा दुपारच्या सुट्टीत (आणि खरे सांगायचे तर सुट्टी संपल्यावरही) ज्या सॉलिटेअरच्या पत्त्यांनी अनेकांना धरून ठेवले, ते विंडोजचे पत्ते १९९० साली सुझान केअर हिने रेखाटले होते. त्याआधी पहिल्या मॅकिंटॉशची चिन्हे तिने चौकटीच्या वहीत एकेक चौकोन भरून तयार केली. मोझाइक आणि भरतकाम ठाऊक असणाऱ्याला हे काम नवे नाही, असे तिचे म्हणणे. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या किंवा मॅटीच्या कापडावर फुल्यांचे टाके घालणाऱ्या कुठल्याही मुलीला ते पटेल.

आता साधनांकडे वळू. इथे पालकांना धक्का बसतो, कारण साधनांची टंचाई कुठेच नाही.

त्रिमित कामासाठी लागणारे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. चोरीची प्रत नव्हे, रीतसर मोफत. त्याची कथाही सांगण्याजोगी आहे. टोन रोझेन्डाल या डच गृहस्थाने ते १९९० च्या दशकात आपल्या स्टुडिओच्या कामासाठी बनवायला घेतले. पुढे त्यावर कंपनी निघाली आणि २००२ मध्ये ती बुडाली. सॉफ्टवेअरचा ताबा गुंतवणूकदारांकडे होता. त्यांनी सांगितले, एक लाख युरो द्या आणि ते खुले करा. वापरणाऱ्यांनी जगभरातून वर्गणी काढली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला सात आठवड्यांचे कौतुक वाटेल! मार्च २०२५ मध्ये ज्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, तो याच ब्लेंडरमध्ये घडला. सपाट चित्रांसाठी क्रिटा मोफत आहे. खेळ जोडण्यासाठी गोडो मोफत आहे. अनरियल इंजिन शिकणाऱ्याला पैसे पडत नाहीत. खर्च आहे तो बऱ्यापैकी संगणकाचा आणि काही हजारांत मिळणाऱ्या पेन टॅब्लेटचा.

पुस्तके तर सॉफ्टवेअरपेक्षाही टिकाऊ. अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराचे ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ हे पुस्तक १९४३ चे. जॉर्ज ब्रिजमन यांचे शरीररचनेवरचे ‘कन्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅनाटमी’ १९२० चे. तेव्हा व्हिडिओ गेमचा धंदा जन्मालाही आला नव्हता. तरी या कलाकारांच्या टेबलावर ही पुस्तके आजही सापडतात, कारण खांदा शरीराला कसा जोडलेला असतो यात दरम्यान काही फरक पडलेला नाही. अलीकडच्यांपैकी जेम्स गर्नी यांचे रंग आणि प्रकाशावरचे ‘कलर अँड लाइट’ (२०१०) घ्यावे. चलनाची आवड असेल तर रिचर्ड विल्यम्स यांचे ‘द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ (२००१). सगळी एकदम घेऊ नयेत. एक लूमिस घ्यावा आणि तो फाटेपर्यंत वापरावा.

आणि आपल्याकडची ती जुनी, दुर्लक्षित व्यवस्था! कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. गेमच्या कलाविभागातली निम्मी खाती यात आली. वस्तुचित्र म्हणजे आपली समई. स्मरणचित्र म्हणजे समोर काही नसताना जत्रेतली किंवा बसथांब्यावरची माणसे मनातून रचणे. कन्सेप्ट आर्टिस्ट पगार घेऊन दुसरे काय करतो? पण आपली मुले या परीक्षांना बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी आणि गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. पुढे तीच मुले लाखभर रुपये भरून ‘फाउंडेशन ड्रॉइंग’ शिकायला जातात.

फुकटच्या साधनांत एक सापळाही आहे, तो सांगितला पाहिजे. ब्लेंडर शिकणारी बहुतेक मुले प्रथम डोनट बनवतात. मेदूवड्यावर गुलाबी साखरेचा थर घालावा, तसा तो पदार्थ. अँड्र्यू प्राइस या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचे त्यावरचे चित्रफितींचे पाठ जगप्रसिद्ध आहेत आणि उत्तमही आहेत. पण पाठ थांबवत, मागे नेत, तो म्हणेल ती कळ दाबत केलेला डोनट हा त्याचा असतो, तुमचा नव्हे. अशी वीस चित्रे संगणकात जमली की मुलाला वाटते आपल्याला येऊ लागले. त्यावर उपाय सोपा आहे आणि कंटाळवाणाही. पाठ संपला की तो बंद करायचा आणि त्याच युक्तीने दुसरी वस्तू करायची. डोनटनंतर खरा मेदूवडा, मग वाटी, मग समई. जिथे अडेल, तिथून शिकणे सुरू झाले.

दुसरी अडचण भाषेची. बरेचसे साहित्य इंग्रजीत आहे आणि सांगलीच्या किंवा लातूरच्या मराठी शाळेतल्या मुलाला ते अंगावर येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मोफत सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह भारतीय भाषांत आणण्याचे मोठे काम केले आहे. ब्लेंडरचे पाठही त्यांनी तयार केले, पण ते जुन्या आवृत्तीचे. २०१९ च्या जुलैमध्ये आलेल्या २.८० या आवृत्तीत ब्लेंडरचा चेहरामोहरा बदलला. पूर्वी वस्तू निवडायला माउसची उजवी कळ दाबावी लागे, तिथे डावी आली. जुना पाठ लावून नव्या आवृत्तीपुढे बसलेले मूल तासभर चुकीची कळ दाबत बसते आणि आपल्याला हे जमणार नाही असे समजून उठते. म्हणून कुठलाही पाठ सुरू करण्याआधी तो कोणत्या आवृत्तीचा आहे, ते पाहावे. बाकी या कामाचे इंग्रजी म्हणजे मोजक्या शब्दांचे इंग्रजी. मेकॅनिकच्या हाताखालचा पोऱ्या ‘गॅस्केट’ आणि ‘कार्ब्युरेटर’ शिकतो, त्याच वाटेने हेही येते.

मग विकत घेण्यासारखे उरते काय? माझ्या मते एकच गोष्ट, चूक दाखवणारा माणूस. हे चित्रफीत करू शकत नाही. घरचे तर त्याहून नाही. कादंबरी लिहिणाऱ्यांना हा अनुभव असतोच. आईला सगळेच आवडते आणि मित्राला लवकर घरी जायचे असते. मुलाने काढलेल्या योद्ध्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब आहे, त्याच्या तलवारीचे वजन हाताला जाणवत नाही, उजेड दोन बाजूंनी येतो आहे, हे जो मुलाचा उत्साह न मारता पण न बिचकता सांगेल, तो माणूस शुल्काला पात्र आहे. चांगल्या संस्थेत असा माणूस असतो आणि तिथे पैसे देण्यात गैर काही नाही. कधी कधी तो गावातला निवृत्त चित्रकला शिक्षक असतो. त्याला ब्लेंडर येत नसेल, पाय लांब झालेला मात्र लगेच दिसेल. पाच-सहा मुलांनी दर रविवारी एकत्र बसून एकमेकांचे काम फाडून काढले, तरी काही अंशी भागते.

या धंद्यात प्रमाणपत्राला फारसे कोणी विचारत नाही, काम दाखवा म्हणतात. ही रीतही आपल्याला नवी नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. भांडवलदार मिळेना, तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसचे दिवस टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटासा चित्रपट केला आणि तो दाखवून पैसे उभे केले. फाळके जे. जे. मध्ये शिकले होते, पण पैसे देणाऱ्याने त्यांचे प्रमाणपत्र तपासले नाही, वाटाणा उगवताना पाहिला. पोर्टफोलिओ म्हणतात तो हाच. त्यात चाळीस अर्धवट कामे नकोत, पाच-सहा पुरी झालेली हवीत. अर्धवट सोडण्याची सवय किती चिवट असते, हे माझ्या कपाटातले काही खर्डे सांगतील. असो.

आता आकडेमोड. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, मात्र आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढत असते. उदाहरण म्हणून धरा: ४ लाख, दरसाल ११ टक्के, सात वर्षांची फेड. महिना सुमारे ६,८५० रुपये, एकूण पावणेसहा लाख, आणि शिक्षणकाळातले व्याज वेगळे. नवशिक्याच्या पगारातून हा हप्ता जाईल की वडिलांच्या पेन्शनमधून, हे आज सांगता येत नाही. धंद्याची हवाही बदलती आहे. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरातल्या गेम कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. शब्द टंकले की चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत आणि डिसेंबर २०२२ मध्ये चित्रकारांनी त्याविरुद्ध एकत्र येऊन निषेधही केला. ज्याला फक्त कळा दाबायला शिकवले आहे, त्याचे काम ही यंत्रे प्रथम नेतील, असे मला वाटते. पायाचे माप चुकले हे ज्याला दिसते, त्याला थोडा अवकाश आहे.

निराश होण्याचेही कारण नाही. युबिसॉफ्ट या मोठ्या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये पुण्यात स्टुडिओ थाटला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ जगापुढे ठेवला. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली आणि कळसूत्री छायाचित्रांसारखी कथनाची रीत. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. कॅनडातल्या मोल्डनहॉअर बंधूंचा ‘कपहेड’ (२०१७) तर कागदावर पेन्सिलीने हलता केलेला आणि जलरंगांत रंगवलेल्या पार्श्वभूमीचा, १९३० च्या दशकातल्या कार्टूनपटांसारखा. तो पुरा करण्यासाठी भावांनी नोकऱ्या सोडल्या आणि घरावर पुन्हा कर्ज काढले. खेळ तुफान चालला. पण माझ्यातला कर्ज अधिकारी आठवण करून देतो, की ज्यांचे घर असे गहाण पडूनही खेळ चालला नाही, त्यांच्या मुलाखती छापून येत नाहीत.

तेव्हा पालकांना माझी सूचना अशी. एक वर्ष थांबा. त्या वर्षात मुलाला टेबल, उजेड, संगणक आणि रोजचे दोन तास द्या. त्या दोन तासांत कोणी त्याला दळण आणायला पाठवू नये. हे वाटते तितके सोपे नाही, विशेषतः मुलगी असेल तर. वर्षअखेरीस पाच पुरी झालेली कामे समोर आली, तर संस्था पाहायला जा. तिथे तीन गोष्टी मागा: गेल्या वर्षीच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे काम, निवडक दोघांचे नव्हे. शिकवणाऱ्याने स्वतः केलेले काम. आणि आठवड्यातून किती वेळ तो एकेका मुलाजवळ बसतो, त्याचे उत्तर. समोरच्याने त्याऐवजी वातानुकूलित खोल्या आणि नव्या यंत्रांची रांग दाखवली, तर चहा घेऊन उठावे.

पुण्यात असाल, तर उठून बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिवे, दौती, वाड्यांचे दरवाजे, भांडी, कुलपे. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जमवलेली ही रोजच्या वापरातली वस्तुसृष्टी म्हणजे समई रंगवू पाहणाऱ्याची खाण आहे. घरबसल्या पाहायचे असेल, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियनने २०२० मध्ये आपल्या लाखो वस्तूंची चित्रे सर्वांना मुक्त वापरासाठी खुली केली आहेत. पण केळकरांच्या कपाटातला अडकित्ता जवळून पाहिला, की त्याची बिजागरी कुठे झिजली आहे ते दिसते. एक सुपारी हजारदा कातरली गेली की पितळ कुठे पांढुरके पडते, तेही. वही आणि पेन्सिल बरोबर असू द्यावी.